चारची लोकल

आमच्या शेडच्या मागच्या भिंतीपलीकडे रेल्वेलाइन आहे. भट्ट्या चालू असल्या की आत एवढा आवाज असतो की शेजारच्याशी बोलायचं तर त्याच्या कानाशी तोंड न्यावं लागतं. पण ढमालेअण्णांना त्या गोंगाटातही भिंतीपलीकडून गाडी गेलेली कळायची, आणि ती लोकल होती की एक्स्प्रेस तेही. लोकल असली की हातातलं काम न थांबवता म्हणायचे, "गेली." एक्स्प्रेस असली की काहीच म्हणायचे नाहीत. एक्स्प्रेसचा आणि त्यांचा संबंध एवढाच, की ती पुढे जाईपर्यंत त्यांची लोकल कुठल्यातरी सिग्नलला उभी राहायची.

चिंचवडमधलं आमचं युनिट लहान. चाकणच्या गाड्यांच्या कारखान्यांना लागणारे गिअर आमच्याकडे कडक व्हायला येतात. भट्टीत नऊशे अंशांवर तापवायचे आणि ठरल्या मिनिटाला तेलाच्या टाकीत सोडायचे, एवढंच काम. सांगायला एवढंच. भट्टी चोवीस तास चालू असते, आत गॅस असतो, आणि तिच्याजवळ ती ओळखणारा माणूस नाही असं एक मिनिटही चालत नाही. ती ओळखणारे आम्ही तिघेच होतो. पहिल्या पाळीला अण्णा, दुसऱ्या पाळीला मी, रात्री तिसरा एक जण.

पाळी बदलायची अण्णांची एक पद्धत होती. कुठल्या नियमात ती लिहिलेली नव्हती. भट्टीचे चामड्याचे हातमोजे, कोपरापर्यंत येणारे, एकच जोडी. जाणाऱ्याने ते उतरवून येणाऱ्याच्या हातात द्यायचे आणि भट्टीची हकिगत तोंडाने सांगायची. चार्ज, म्हणजे भट्टीत घातलेला माल, कुठला, किती वाजता आत गेला, तेल किती तापलंय, दार कुठे अडतंय. ऐकून येणाऱ्याने मोजे चढवले की मगच जाणारा मोकळा. गेटवरचं मशीन अंगठा घेऊन साडेतीनला पाळी संपली असं सांगायचं. अण्णांची पाळी मोजे दिल्याशिवाय संपायची नाही.

त्याचं कारण त्यांच्या चेहऱ्यावरच होतं. डाव्या डोळ्यावर भुवई नव्हती आणि त्या डोळ्याचं बुबुळ पांढुरकं झालं होतं. अण्णा नवे असताना त्यांच्या आधीचा ऑपरेटर गाडी चुकेल म्हणून घाईने निघून गेला, दारातून निसटणारा गॅस जाळणारी ज्योत विझलीय हे सांगायचं राहिलं, आणि अण्णांनी दार उघडलं. "त्याचं वाईट वाटून घ्यू न्हाई," ते म्हणायचे. "त्याला गाडी गाठायची हुती. पर एक वाक्य सांगून गेला असता तर मी आज मोटरसायकल चालिवली असती." डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायची मनाई केली होती. तेव्हापासून कान्हे ते चिंचवड, लोकल आणि अण्णा.

मी हिंगोलीकडचा. कंत्राटावर लागलो आणि खोलीभाडं परवडतं म्हणून वडगावला राहिलो. माझी दुसरी पाळी साडेतीनला लागायची. आमच्या लाइनीवर दुपारच्या वेळी गाड्यांचा मोठा खंड आहे. अकराला एक गाडी जाते आणि मग थेट दोननंतर एक. ही दोनची वेळेवर आली तर मी तीनच्या आत चिंचवडला. पण ती वेळेवर येणं हे तिच्या मर्जीवर. फलाटावर उभं राहून रुळांकडे बघत माझी निम्मी नोकरी गेली असेल. मोबाइलवरचं ॲप दहा मिनिटं उशीर दाखवायचं, दहा मिनिटांनी पुन्हा दहाच. एवढा खोटेपणा माणसाने केला असता तर लोकांनी त्याला गावात राहू दिलं नसतं.

पहिल्यांदा उशीर झाला तो भट्टी माझ्या एकट्याच्या हाती आल्याच्या चौथ्याच दिवशी. पाऊण तास. धावत आत शिरलो, मनात शिव्या खायची तयारी. अण्णा मोजे घालून उभेच. मला वरपासून खालपर्यंत बघून म्हणाले, "या माणिकराव. जेवलास का?"

"नाही अण्णा, गाडीच—"

"मग आधी चार घास खा. भट्टी उपाशी मानसाच्या हाती द्यायची नसती."

मी कोपऱ्यात बसून त्यांच्या डब्यातली उरलेली भाकरी खाल्ली आणि ते तेवढा वेळही उभे राहिले. वेळेवर आलो की मी नुसता माणिक असायचो, उशीर झाला की माणिकराव. रागवण्याचा त्यांचा प्रकार म्हणाल तर एवढाच.

गाडीला मात्र त्यांनी कधी शिवी दिली नाही. पाळी बदलताना लोकलने येणारे सगळे तोंडसुख घ्यायचे, मी सगळ्यांत जास्त. अण्णा मोजे उतरवत म्हणायचे, "तिला कशाला बोलता? ती बी आपल्यासारखीच. मोठ्यांना जाऊ देती, मग निघती." त्यांचा भरवसा नव्हता तो दोनच्या गाडीवर. तरुणपणी दुसऱ्या पाळीला असताना ते अकराच्या गाडीने यायचे आणि सायकल स्टँडच्या पत्र्याखाली साडेतीन-चार तास बसून राहायचे. चांभाराची आरी आणि दोरा जवळ ठेवायचे आणि त्या वेळात शेडमधले फाटके हातमोजे शिवायचे. त्यांचं शिवण मी पाहिलं आहे. दोन बोटांच्या बेचक्यात दुहेरी टाका, आतून गाठ.

मला त्यांनी एकदाच सांगितलं, "अकराची धरत जा, माणिक."

मी हो म्हणालो. एकदाच सांगणाऱ्या माणसाचं आपण कधी ऐकत नाही. माझी पाळी रात्री बाराला सुटायची, कंपनीच्या गाडीतून घरी पोचायला एक, मग उठायला नऊ. अकराच्या गाडीने जायचं म्हणजे स्वयंपाक नाही, कपडे धुणं नाही, दिवसच नाही. ही कारणं खोटी नव्हती, आजही मी ती खोटी म्हणणार नाही.

सहा महिन्यांनी माझं कंत्राट संपत आलं तेव्हा साहेबांनी माझी हजेरी काढली. साहेब वाकडला राहायचे, स्वतःच्या गाडीने यायचे आणि वेळेवर यायचे. लेट मार्कांची रांग बघून म्हणाले, "लोकल लेट, लोकल लेट. अरे, दुसरं काही लिहायला सुचत नाही का?" मग मला घेऊन भट्टीपाशी अण्णांकडे आले. अण्णांनी सांगावं की या पोरामुळे काम अडतं, आणि विषय संपावा, असं साहेबांच्या मनात होतं.

अण्णांनी मोजे काढून काखेत धरले. "भट्टी कदी एकली ऱ्हायली का साहेब?"

"तो प्रश्न नाही अण्णा. हा किती वेळा उशिरा आला?"

"त्ये तुमच्या मशीनला इचारा. भट्टीला इचाराल तर तिला कोन उशिरा आलं न्हाई. मी हुतो." मग म्हणाले, "पोरगं चार्ज बघायला शिकलंय. गेलं तर नवीन मानूस शिकवायला मला वरीस लागंल. आन त्यो बी लोकलनंच यील."

कंत्राट पुढे वाढलं. साहेब गेल्यावर मी काहीतरी बोलायला गेलो तर अण्णा म्हणाले, "तेल बघ. साठाच्या वर चाललंय."

त्यांचं घर मी एकदाच पाहिलं, काकी, म्हणजे अण्णांच्या पत्नी, असताना. कान्ह्याच्या पुढे दोन खोल्या, दारात तुळस आणि लसणीच्या जुड्या. मुलगी जुन्नरकडे दिली होती, घरात दोघंच. काकींच्या मूत्रपिंडांनी काम सोडलं होतं. मंगळवारी आणि शुक्रवारी तळेगावच्या दवाखान्यात डायलिसिस. सकाळी शेजारच्या सरूबाई त्यांना रिक्षाने घेऊन जायच्या, कारण त्या तिकडेच फुलांच्या पॉलिहाउसमध्ये कामाला होत्या. चार-साडेचारला काकी मशीनवरून मोकळ्या व्हायच्या, तेव्हा अण्णा चारच्या लोकलने तळेगावला उतरून त्यांना घ्यायचे आणि पुढच्या गाडीने घरी न्यायचे. मशीनवरून उठल्यावर काकींचे पाय लटपटायचे, डोळ्यांपुढे अंधारी यायची. एकटीने रस्ता ओलांडायची त्यांना फार भीती वाटायची. ही चारची चुकली तर पुढची साडेपाचला, आणि तीही कागदावर.

काकींनी मला भाकरीवर ठेचा वाढला आणि म्हणाल्या, "तुला बघायचंच हुतं. तुझी गाडी आली की ह्ये सुटत्यात, ह्यांची आली की मी घरी येती. म्हंजी मला घरी आननारा तूच की रं."

हसून म्हणाल्या होत्या. मीही हसलो आणि दुसरी भाकरी घेतली.

मंगळवारी आणि शुक्रवारी अण्णा कसे असायचे हे मग माझ्या लक्षात यायला लागलं. तीनपासून त्यांचा कान मागच्या भिंतीकडे असायचा. मी मोजे हातात घेतले की हकिगत सांगताना त्यांचं बोलणं जरा जलद व्हायचं, पण शब्द एकही गळायचा नाही. मग शेडच्या दारापर्यंत चालत आणि तिथून पुढे पळत. पंचावन्न ओलांडलेला, एका डोळ्याचा माणूस, हातात डब्याची पिशवी, स्टेशनकडे पळतोय. गेटवरचा वॉचमन दार आधीच उघडून ठेवायचा.

तो शुक्रवार होता. दोनची लोकल वडगावला वेळेवर आली. तळेगाव वेळेवर गेलं. बेगडेवाडी सोडली आणि देहूरोडच्या अलीकडे गाडी थांबली.

पहिली दहा मिनिटं कुणीच लक्ष दिलं नाही. मग शेजारून एक एक्स्प्रेस गेली. आता सुटणार म्हणून सगळे सावरून बसले. सुटली नाही. दुसरी गेली. तीन वाजले. काही जण खाली उतरून रुळांच्या कडेने हायवेकडे चालायला लागले. मीही दारात आलो, पाय पायरीवर ठेवला, आणि गाडीने हिसका दिला. शंभर पावलं पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. पुन्हा उतरायला गेलो, पुन्हा हिसका. ज्यांनी या लाइनीवर प्रवास केलाय त्यांना हा प्रकार ठाऊक आहे. ती पुरती थांबली असती तर मी उतरून रिक्षाने पोचलो असतो. दर वेळी आता निघेल असं वाटायला लावून तिने मला दारात धरून ठेवलं. अण्णांना फोन लावला, पण मोबाइल शेडमध्ये न्यायला बंदी, त्यांचा फोन कपाटात. साहेब त्या दिवशी चाकणला गिऱ्हाइकाकडे बैठकीत. साडेतीन वाजले. पावणेचार. चिंचवडहून चारला सुटणारी लोणावळ्याकडची लोकल चार-दहाला आमच्याच शेजारच्या रुळावरून गेली. अण्णांची चारची. माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी गाडीत बसून तिच्याकडे बघत राहिलो.

शेडमध्ये पोचलो तेव्हा पाच वाजायला आले होते. अण्णा भट्टीसमोर उभे होते. माणिकराव म्हणाले नाहीत. मोजे उतरवून माझ्या हातात दिले.

"अण्णा, तुम्ही जा, मी बघतो—"

"ऐकून घे. चार्ज सव्वातीनला आत गेलाय. नऊशे वीस. सव्वासातला काढ. तेल अठ्ठावन्न. खालची कडी अडती, हिसका दिऊ नको." माझ्या डोळ्यांत बघून विचारलं, "कळलं?" मी मोजे चढवले. मग ते गेले.

साडेपाचची त्या दिवशी सव्वासहाला आली. अण्णा तळेगावच्या दवाखान्यात पोचले तेव्हा सात वाजून गेले होते. काकी बाहेरच्या बाकावर अडीच तास बसल्या होत्या. एकदा उठून रस्त्यापर्यंत जायला बघितलं तेव्हा पडल्या, गुडघा फुटला. दवाखान्याच्या वॉचमनने त्यांना पाणी दिलं आणि खुर्ची आणून दिली. अण्णा दिसल्यावर त्या एवढंच म्हणाल्या, "पळत आला का? बसा जरा." हे मला अण्णांनीच सोमवारी सांगितलं, आणि तेही पाणी देणारा वॉचमन किती चांगला होता हे सांगण्यासाठी.

मी अकराची धरायला लागलो. शपथच घेतली होती. दोन आठवडे सायकल स्टँडच्या पत्र्याखाली बसलो. आणि मग एका शुक्रवारी अण्णा कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन आले. शेडमध्ये सगळ्यांना वाटले. "डाक्टर म्हनाला आता आठवड्यातनं एकदाच पुरं. मंगळवारचं तेवढं. शुक्रवार सुटला." त्यांना मी एवढं मोकळं हसताना आधी पाहिलं नव्हतं. त्या दुपारी त्यांचा कान भिंतीकडे नव्हता. मी एक पेढा खाल्ला, मग आणखी एक मागून घेतला. खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी काकी आल्या नाहीत. आता सकाळी झोपता येईल, हे आधी आलं. पुढच्या आठवड्यापासून मंगळवार सोडून बाकी दिवस मी पुन्हा दोनच्या गाडीला लागलो.

दीड-दोन महिन्यांत काकी सुजत गेल्या आणि गेल्या.

दहाव्याला आम्ही शेडमधले चौघे कान्ह्याला गेलो होतो. विधी आटोपल्यावर सरूबाई पाण्याचा तांब्या घेऊन माझ्याजवळ आल्या. मी कोण हे त्यांनी विचारलं, मी सांगितलं. तांब्या माझ्या हातात दिला. मग हळूच म्हणाल्या, "डाक्टर कुठला काय म्हनतोय. तिनंच बंद केलं. मला म्हनली, सरू, बाकावर बसल्याचं मला काय न्हाई गं, पर ह्यो मानूस पळत येतो तवा त्याची छाती वरखाली हुती, त्ये मला बगवत न्हाई. येक दिस तरी कमी पळू दे त्याला."

"अण्णांना माहीतय?"

"सांगितलं. आता सांगून काय, पर सांगितलं. मलाच ऱ्हावलं न्हाई."

परतीची लोकल वेळेवर होती की उशिरा होती, मला आठवत नाही.

तेरावं झालं आणि अण्णा कामावर आले. त्या दिवशी मी अकराच्या गाडीने गेलो आणि पत्र्याखाली बसलो. जेवणाच्या सुट्टीत, रात्रपाळीहून मागे थांबलेल्या तिसऱ्याला भट्टीपाशी उभं करून ते बाहेर आले. त्यांनी मला पाहिलं आणि माझ्याकडे आले. मी उभा राहिलो. तीन-चार दिवस मनात घोळवलेलं वाक्य तोंडातून कसंबसं बाहेर काढलं.

"अण्णा, त्या शुक्रवारी मी अकराची धरली असती तर—"

रागावले असते तर बरं झालं असतं. शिव्या दिल्या असत्या, हातातला डबा फेकला असता तरी चाललं असतं. त्यांनी फरशीवर बसकण मारली, डबा उघडला, आणि मान वर न करता विचारलं, "जेवलास का?"

मी मान हलवली, नाही म्हणून. त्यांनी भाकरी अर्धी मोडली. ती आता त्यांच्या हातची होती, जाड, एका बाजूने करपलेली. आम्ही दोघांनी ती खाल्ली. करपलेला भागही टाकायची मला हिंमत झाली नाही. त्यानंतर मी दोनच्या गाडीने कधी गेलो नाही. वार कुठलाही असो.

पुढे आठ महिन्यांनी अण्णा निवृत्त झाले. कॅन्टीनमध्ये शाल, नारळ, साहेबांचं दोन मिनिटांचं भाषण. साहेब मनाने वाईट नव्हते. म्हणाले, "अण्णा, आज माझी गाडी तुम्हाला घरापर्यंत सोडेल." अण्णांनी हात जोडले. "कशाला साहेब? चारची हाय की."

समारंभ तीनलाच उरकला होता, पण ते उरलेला अर्धा तास भट्टीपाशी येऊन उभे राहिले. साडेतीनला मोजे उतरवले. नवीन शिवलेले होते, बेचक्यात दुहेरी टाका. मला दिले आणि सगळी हकिगत सांगितली, चार्ज, वेळ, तेल, खालची कडी. "कळलं?" म्हणाले. मी मोजे चढवले.

त्यांना गेटपर्यंत सोडायला जावं असं फार वाटलं. बाकीचे सगळे गेले. पण भट्टी माझ्या हातात आली होती आणि आत चार्ज होता, आणि तिला सोडून मी एक पाऊल जरी हललो असतो तर त्या माणसाने मागे वळून मला परत आत पाठवलं असतं. मी तिथूनच बघत राहिलो. शाल घडी करून डब्याच्या पिशवीत घातलेली, नारळ हातात. शेडच्या दारापर्यंत ते चालत गेले. दारातून बाहेर पडल्यावरही चालतच गेले, एकदाही न पळता, आणि पाण्याच्या टाकीच्या वळणावर दिसेनासे झाले.

मग मी भट्टीकडे तोंड केलं. अण्णांइतका माझा कान तयार नाही, पण त्या दिवशी मी मागच्या भिंतीकडे लक्ष ठेवून होतो. पलीकडून गाडी गेल्याची थरथर आली. लोकलच होती. मी घड्याळाकडे पाहिलं. चारला दोन मिनिटं कमी होती, म्हणजे ती आज वेळेवर होती, आणि तळेगावला तिची वाट बघत कुणी बसलेलं नव्हतं.

"गेली," मी म्हणालो. शेजारच्याला ऐकू गेलं नाही.